चंद्रभागाबाईच्या एकवीस कळश्या

३ फेब्रुवारी

या वहीत मी राग आला की लिहिते. अंगणवाडीच्या जुन्या हजेरीपटाची उरलेली कोरी पानं आहेत, सरकारच्या काही कामाची नाहीत. मागचं पान दिवाळीतलं आहे. त्यात आमच्या सुपरवायझर बाईंबद्दल जे लिहिलंय ते वाचून मलाच लाज वाटली, पण थोडीच.

आजचा राग पाशाभाईवर आहे. धारूरच्या बाजारात सुग्रीवशेठचं भांड्यांचं दुकान आहे, तिथं हा माणूस पंचवीस वर्षं कोपऱ्यात पोत्यावर बसून भांड्यांवर नावं घालतो. हातात ती घुर्र करणारी मशीन. अख्ख्या तालुक्यातल्या आहेराच्या भांड्यांवर त्याचंच अक्षर असेल.

आईचं वर्षश्राद्ध तेवीस तारखेला आहे. आमच्याकडं वर्षश्राद्धाला गेलेल्या माणसाच्या नावाचं भांडं भाऊबंदांना देतात. मुंजाजी, म्हणजे माझा धाकटा भाऊ, स्टीलच्या ताटल्यांवर भागवू म्हणाला. मी म्हटलं, तांब्याच्या कळश्या, एकवीस, आणि त्या माझ्या पगारातून. का, ते माझं मला माहीत आहे. आमच्या घरात हंड्यावर आजोबांचं नाव आहे, घागरीवर वडलांचं, ताटांवर मुंजाजीचं. आईनं जन्मभर बालाघाटात मेंढरं राखली आणि तिच्या नावाचं एक भांडं घरात नव्हतं. तिचा तांब्या ती पोच्यावरून ओळखायची. तीच तिची खूण. आता एकवीस घरांत तिचं नाव जाईल आणि रोज सकाळी कुणाच्या तरी हाताला लागेल.

शेठनं कळश्या दाखवल्या, लाल लखलखीत. मी नावाचा कागद पाशाभाईपुढं धरला. त्यानं एक कळशी उचलली, बोटाच्या पेरानं वाजवली, कानाशी नेली, उलटी केली आणि खाली ठेवली.

"मशीन बंद हाय," म्हणाला.

माझ्यासमोर, पाच मिनिटांपूर्वी, त्यानं एका बाईच्या स्टीलच्या डब्यावर नाव घातलं होतं. डब्यावरचा चुरा अजून झटकलेला नव्हता. मी म्हटलं, आत्ता तर चालू होती. तर म्हणे, आता बंद झाली. आणि आवाज खाली आणून, "कळशी तशीच घरी न्या, पाणी भरून ठिवा, सकाळी बघा. मंग नावाचं बघू. घाई कावून करता?"

मी काय नवी नवरी आहे, की मला पाणी भरायला शिकवावं? कळश्या तिथंच दुकानात ठेवल्या, पुढच्या बाजाराला नाव घालून तयार पाहिजेत म्हणून सांगितलं आणि निघाले. शेठ गल्ल्यावर फोनमध्ये होता. त्यानं मान हलवली.

४ फेब्रुवारी

भावजयीला सांगून चूक केली. संगीता भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाशाभाई मशीन बंद म्हणले का? मंग राहू द्या की आक्का. दुसरं काही घिऊ."

दुसरं काही म्हणजे स्टीलच्या ताटल्या. मला कळत नाही का? हिच्या सासूचं नाव चार घरांत गेलं तर हिच्या पोटात का दुखावं? मी म्हटलं, मशीन बंद असेल तर दुरुस्त होते, माणसाच्या मनातली खोट दुरुस्त होत नाही. तिनं भाकरी उलटली आणि गप्प बसली. बोलायला तोंड नसलं की माणूस असंच गप्प बसतं.

१० फेब्रुवारी

आज तर कमालच केली त्यानं.

मुलांना खिचडी वाढून, पोषण ट्रॅकरवर फोटो टाकून, दुपारी धारूर गाठलं. कळश्या होत्या तशाच. नाव नाही. मी दुकानात स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, आज घालून घेतल्याशिवाय उठायची नाही. तासभर त्याचं काम बघितलं. एकीचं स्टीलचं पातेलं, लगेच नाव. एकीची परात, लगेच नाव. मग एक बाई आमच्या कळश्या होत्या त्याच ढिगातला तांब्याचा हंडा घेऊन आली. पाशाभाईनं वाजवला आणि "मशीन बंद हाय" म्हणाला. त्या बाईनं हूं का चूं केलं नाही. हंडा जागेवर ठेवला, पितळेचा घेतला, वर त्याच्याकडं बघून हसली. त्या पितळेच्या हंड्यावर त्यानं नाव घातलं! लोक किती मेंढरं असतात. कुणी हाकललं की चालले.

मी उठून त्याच्यासमोर उभी राहिले. त्यानं माझा कागद पहिल्यांदाच नीट वाचला.

"चंद्रभागाबाई. किल्ल्याखाली मेंढरं घिऊन यायच्या, त्या?"

मी म्हटलं, होय, माझी आई.

"दुपारच्याला आमच्या दारात पाणी प्यायच्या. गेल्या का?" कागदाची घडी घालून त्यानं माझ्या हातात परत दिली. "मंग तर न्हाईच घालत."

मंग तर न्हाईच घालत. येताना जीपमध्ये मी हे वाक्य पन्नास वेळा मनात म्हटलं. माझ्या आईनं तुझ्या दारात घोटभर पाणी प्यालं म्हणून तिचं नाव घालायला तुझा हात विटाळतो काय? की मेंढरामागची बाई, तिला कसली आली तांब्याची कळशी?

मी हे विसरणार नाही. लहानपणी चुलतभावानं माझी पाटी फोडली होती, त्याच्या लग्नात मी जेवले नव्हते.

१३ फेब्रुवारी

तीन दिवस दुसरं काही सुचत नाही. मुलांना कोल्ह्याची गोष्ट सांगताना मी कोल्ह्याच्या हातात नाव घालायची मशीन दिली. शेवटी कोल्हा विहिरीत पडला. एका पोरीनं विचारलं, बाई, कोल्ह्यानं काय केलं होतं? मी म्हटलं, तुला काय करायचंय.

मदतनीस म्हणाली, ते लोक असलेच. तिला तिथंच गप्प केलं. माझं भांडण एका माणसाशी आहे, त्याच्या मोहल्ल्याशी नाही. एवढं तरी मला कळतं.

आता सरळ शेठला सांगायचं. तेही दुकान भरलेलं असताना, चारचौघांत. शहाण्याला शब्दाचा मार असतो, पण हा शहाणा नाही. याला मालकाचाच मार पाहिजे.

१७ फेब्रुवारी

झालं. मनासारखं झालं.

बाजाराचा दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. मी गल्ल्यासमोर उभी राहून खणखणीत आवाजात सांगितलं, की शेठ, तुमचा माणूस गिऱ्हाइकाला माघारी लावतो. चालू मशीन बंद म्हणतो. वरून सांगतो, की भांडं घरी न्या, पाणी भरून बघा, मग नाव घालू.

शेठचा फोनवरचा अंगठा थांबला. एवढा मोठा व्यापारी, पण माझं बोलणं त्यानं किती लक्ष देऊन ऐकलं! हळूच विचारलं, "पाणी भरून बघा म्हणला? अन् किती जणींना सांगितलं आसंन?"

मी म्हटलं, सगळ्यांना. दोघींनाच बघितलं होतं, खरं तर मी आणि ती हंडेवाली. पण राग आला की माझा हिशेब मोठाच होतो.

शेठनं मला बसायला खुर्ची दिली. चहा मागवला. एक तांब्याची पळी कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकली, आमच्याकडून राहू द्या म्हणाला. मग कोपऱ्यात जाऊन पाशाभाईशी दोन मिनिटं काहीतरी बोलला. ऐकू आलं नाही. पाशाभाईनं मशीन हातात घेतली आणि एकवीसच्या एकवीस कळश्यांवर नाव घातलं. दोन तास लागले. मी चहा पीत समोर बसून होते, एकेक घोट इतका गोड लागला म्हणून सांगू.

खोटं कशाला लिहू, अक्षर सुंदर घातलं. 'कै. चंद्रभागाबाई यांच्या स्मरणार्थ', आणि खाली एक वेल. वेल मी सांगितली नव्हती. प्रत्येक कळशी शर्टाच्या टोकानं पुसून ठेवत होता. शेवटची झाल्यावर त्यानं मशीनची वायर गुंडाळली, मशीन गल्ल्यावर शेठपुढं ठेवली, चपला घातल्या आणि गेला. नमाजाची वेळ झाली असेल. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. न का बघेना.

२३ फेब्रुवारी

वर्षश्राद्ध नीट पार पडलं. एकवीस कळश्या ओसरीवर रांगेत मांडल्या होत्या, प्रत्येकीवर आईचं नाव. चकलांब्याच्या मावशीला वाचता येत नाही. तिनं माझं बोट धरून प्रत्येक अक्षरावरून फिरवून घेतलं आणि विचारलं, हे चं का? हे भा का? मुंजाजी गोठ्याकडं जाऊन रडून आला. मला वाटलं, आता आई कुणाची बायको, कुणाची आई म्हणून नाही, तिच्या नावानं घराघरांत गेली.

संगीतानं मात्र एक कळशी उचलून उन्हात धरून बुडाकडं बघितलं. मी म्हटलं, काय बघतीस, सोनं नाही लागायचं. तिनं ती ठेवून दिली.

२६ फेब्रुवारी

मावशीच्या सुनेचा फोन आला. कळशीखाली पाट ओला होतोय म्हणाली. मी म्हटलं, नीट भरता येत नसेल.

दुपारपर्यंत अजून चार घरांतून तेच. संध्याकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुलतभावानं, तोच पाटीवाला, व्हिडिओ टाकला. कळशी ओट्यावर, बुडाच्या सांध्यातून पाण्याची बारीक धार, आणि वर आईचं नाव अगदी ठळक. खाली लिहिलं होतं, 'चंद्रभागेला पाणी सुटलं.' त्यावर अकरा जणांनी हसणारी तोंडं टाकली. मी मोजली. कोणी कोणी टाकली तेही लिहून ठेवलंय.

पण खरं सांगायचं तर राग नंतर आला. आधी मी फोन पालथा ठेवला. आईचं नाव जन्मभर कुणी घेतलं नाही, आणि आता घेतलं ते हसायला. आणि ते त्यांच्या तोंडात मी घातलं.

२७ फेब्रुवारी

बाजार नव्हता तरी गेले. शेठनं आज खुर्ची दिली नाही. भिंतीवरच्या पाटीकडं बोट दाखवलं. 'नाव घातलेलं भांडं परत घेतलं जाणार नाही.' ती पाटी तिथं कायमची आहे, मी शंभर वेळा बघितली असेल. कधी वाचली नव्हती.

"नाव घातलंय ताई. दुसरं कोण घील आता?" म्हणाला. मी म्हटलं, नाव तुमच्याच माणसानं घातलंय, बोलवा त्याला. तर म्हणाला, "त्याला काढला की त्याच दिवशी. पंचवीस साल मला पत्ता न्हाई, आत बसून काय धंदे करतो. तुमच्यामुळं कळलं. तुमचे उपकार झाले."

उपकार झाले म्हणाला. हात जोडून म्हणाला.

घरी आले तर संगीता चुलीपुढं होती. तिला म्हटलं, तुला माहीत होतं ना? ती म्हणाली, "आक्का, साऱ्या धारूरला माहीत हाय. माल चांगला असला की पाशाभाई नाव घालतेत. खराब असला की मशीन बंद. नाव घातलं की परत घेत न्हाईत ना, म्हणून. शेठसमोर तोंडानं कसं सांगतील?"

मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलं?

"सांगितलं की. राहू द्या म्हणले. तुमी ताटल्यांवर गेल्या."

मागचं पान उलटून बघितलं. तिचं वाक्य माझ्याच अक्षरात आहे. ती गप्प बसली त्याचं मी काय लिहिलंय तेही आहे. शहाण्याला शब्दाचा मार, असंही लिहिलंय मीच.

३ मार्च

माफी मागायला गेले आणि भांडून आले.

पाशाभाई आता बाजाराच्या टोकाला, चपलावाल्याच्या शेजारी गोणपाट टाकून बसतो. मशीन शेठची होती, ती गेली. हातोडी आणि छन्नी घेऊन ठोकून नावं घालतो, बापाच्या काळात घालायचे तशी. बायको अजमतबी शेजारी बसलेली. तिनं मला ओळखलं आणि तोंड फिरवलं. बरोबरच केलं.

मी एक कळशी पुढं ठेवली. त्यानं नखानं बुडाचा सांधा खरवडला. तांब्याच्या रंगाचा पोपडा निघाला, आत पांढरी पुट्टी. भिंतीला लावतात ती. मी म्हटलं, आईचं नाव तेवढं घासून काढा. तो म्हणाला, घासलं तर पत्रा अजून पातळ होईल, दुसरं भोक पडेल.

माफी ओठावर होती, पण तोंडातून आलं भलतंच. म्हटलं, सरळ तोंडानं सांगितलं असतं तर काय झिजला असता?

त्याला राग आला नाही. छन्नी खाली ठेवून म्हणाला, "शेठचं मीठ खाल्लंय, बाई. माल खराब म्हणून दुकानात बोंब मारायची न्हाई. अन् खराब मालावर नाव बी घालायचं न्हाई. दोन्ही सांभाळायचं म्हणलं की मशीन बंद करावी लागती. पंचवीस साल बायांना कळलं. तुमी एकट्याच परत आल्या. दोन बार."

"मग शेवटी का घातलं?"

"शेठ म्हणले, घाल न्हाईतर ऊठ. मला उठायचंच होतं. पण दुसरा कुणी बसला आस्ता, तर तुमच्या आईचं नाव वाकडंतिकडं घातलं आस्तं. म्हणून घालून उठलो."

स्वतःची चूक दिसली की मला जास्तच राग येतो. मी म्हटलं, प्रत्येक कळशीच्या बुडाला शेठच्या दुकानाचं नाव घाला, मग बघते. म्हणाला, मी नावं घालतो, बदनामी घालत नाही. मग आमचं वाजलं. अजमतबीनं मध्ये पडून मला पाणी दिलं. आईनं प्यालं त्याच घरचं पाणी.

९ मार्च

उद्या बाजार. एकवीसपैकी एकोणीस कळश्या गोळा झाल्या, दोन घरांनी मोडीत घातल्या. पाटीवाल्या चुलतभावाकडं मी स्वतः गेले, कळशी मागितली आणि त्याच्या अंगणात उभ्या उभ्या अकरा जणांची नावं वाचून दाखवली. त्यानं कळशी पुसून दिली.

सगळं ठरलंय, पण मन मागं येतंय. शेठला भर बाजारात आणायचं तर आईचं नावही भर बाजारात येणार, गळक्या भांड्यावर. ग्रुपवर अकरा जण हसले. बाजारात हजार हसतील. सूड माझा, आणि पाणी तिच्या नावाखालून गळणार. संगीताला विचारलं. पहिल्यांदाच विचारलं. ती म्हणाली, "आत्याबाईंना कोण वळखतं धारूरात? उद्या वळखतील तरी."

१० मार्च

मुंजाजीनं शेळ्या नेतो त्या पिकअपमधून कळश्या आणल्या. शेठच्या पायरीवर एकही ठेवली नाही, रस्ता सगळ्यांचा आहे. पायरीसमोर एका रांगेत एकोणीस मांडल्या. संगीता आणि मी नळावरून पाणी आणून गळ्यापर्यंत भरल्या. आणि शेजारी मांडी घालून बसलो. एक शब्द बोललो नाही.

बोलायची गरजच पडली नाही. दहा मिनिटांत प्रत्येक कळशीखाली डाग, मग ओघळ, मग सगळे ओघळ एक होऊन शेठच्या पायरीखाली गेले. माणसं थांबायला लागली. वाकून नाव वाचायला लागली. एक जण मोठ्यानं वाचायचा, मागचे विचारायचे, काय लिहिलंय? पुन्हा वाचायचे. चंद्रभागाबाई, चंद्रभागाबाई. कुणीतरी विचारलं, "ह्या चंद्रभागाबाई कोण?"

मला वाटलं होतं लाज वाटेल. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "माझी आई. किल्ल्याखाली मेंढरं राखायची. तिच्या नावावर या दुकानानं पुट्टीच्या कळश्या दिल्या." कुणी हसलं नाही. एक म्हातारा म्हणाला, त्यांच्याकडून मी घोंगड्याची लोकर घ्यायचो, वजनाला कधी कमी नाही दिली.

शेठ बाहेर आला. नाव घातलेला माल परत घेत नाही, म्हणाला. गर्दीतून ती हंडेवाली बाई, जी त्या दिवशी हसली होती, पुढं झाली. "पाशाभाई तर घालीत नव्हते. घालायला कुणी लावलं, शेठ?" मग बायका एकेक करून बोलायला लागल्या, कोणाची घागर, कोणाचा तांब्या. शेठनं घाम पुसला. नवीन देतो म्हणाला, एकवीसच्या एकवीस, चांगल्या. आणि पाशाला म्हणावं, परत ये.

मी त्याच्या हातात ती पळी दिली. कागदातून काढलीही नव्हती. एवढा आनंद मला नोकरीची ऑर्डर आली तेव्हाही झाला नव्हता.

निरोप द्यायला बाजाराच्या टोकाला गेले. पाशाभाई म्हणाला, "इथं बरं हाय. उजेड चांगला हाय." मग मी माफी मागितली. पाठ करून गेले होते ते सगळं विसरले, चुकलं एवढंच म्हटलं. अजमतबीनं गोणपाटावर सरकून जागा केली.

१७ मार्च

नवीन कळश्या घेऊन सकाळीच पाशाभाईकडं गेले. आईचा पोच्याचा तांब्याही नेला होता. आधी त्यावर नाव घातलं. 'कै.' नको म्हटलं, स्मरणार्थ नको, नुसतं चंद्रभागाबाई. त्यानं विचारलं, पोचा काढून देऊ का? मी म्हटलं, राहू द्या, ती खूण आहे.

मग कळश्या. एकेक वाजवायचा, कानाशी न्यायचा, मांडीवर घ्यायचा. हातोडीनं नाव घालायला वेळ लागतो. मी शेजारी बसून नावाचा कागद धरला होता, खरं तर त्याला आता कागदाची गरज नव्हती. दुपारपर्यंत एकोणीस झाल्या.

विसावी वाजवली आणि बाजूला ठेवली. एकविसावी वाजवली, उलटी केली, तीही बाजूला ठेवली. हातातली हातोडी आणि छन्नी गोणपाटावर ठेवून माझ्याकडं न बघता म्हणाला,

"मशीन बंद हाय."

मी त्या दोन कळश्या उचलल्या आणि शेठकडं परत द्यायला निघाले.